वर्ध्याहून परतलेला यात्रेकरू : लान्झा देल वास्तो



या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्यांची ओळख आम्ही करून देत आहोत, त्यांना ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केलेले नाही. त्यांचा सण नाही आणि त्यांच्या नावाची नोव्हेनाही नाही. ते इटलीत जन्मले, फ्रान्समध्ये लेखक म्हणून नावारूपाला आले आणि स्पेनमध्ये त्यांनी देह ठेवला. परंतु त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली ती आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळच्या एका लहानशा खेड्यात. त्यांचे नाव लान्झा देल वास्तो.

आपणही यात्रेला जातो. कोणी वेलंकनीला जातात, कोणी गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जातात, तर कोणी आठवडाभर तपसाधनेला बसतात. तिथे मन भरून येते, डोळे ओले होतात. घरी परतताना आपण मेणबत्त्या, तसबिरी आणि प्रसाद घेऊन येतो. मात्र पंधरा दिवस उलटले की घरात तोच राग, तीच भांडणे आणि तीच घाई पुन्हा सुरू होते. यात्रेकरूने घरी नेमके काय आणावे? हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. लान्झा देल वास्तो यांनी त्याचे उत्तर शोधण्यात उभे आयुष्य घालवले, म्हणून त्यांची जीवनकथा आपल्यापुढे ठेवावी असे आम्हाला वाटले.

सरदार घराण्यातील मुलगा

इटलीच्या दक्षिण टोकाला पुलिया नावाचा प्रांत आहे. तेथील सान व्हितो देई नोर्मान्नी या गावी २९ सप्टेंबर १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सिसिली बेटावरील जुन्या सरदार घराण्यातले होते, तर आई बेल्जियममधील अँटवर्प शहरातली होती. घरी शेती, द्राक्षमळे आणि नोकरचाकर होते. शिक्षणासाठी मुलाला पॅरिसला पाठवण्यात आले. पुढे इटलीत परतून त्यांनी पिसा येथील विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला.

लहानपणी बाप्तिस्मा झालेला असला, तरी तरुणपणी त्यांची श्रद्धा बरीच थंडावली होती. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करताना संत थॉमस अक्वायनस यांचे लिखाण त्यांच्या वाचनात आले आणि त्यातून ते पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. बुद्धीने देव पटला होता. पण पटलेले जगायचे कसे, हे मात्र कळत नव्हते.

शिक्षण पुरे झाल्यावर त्यांनी नोकरी धरली नाही. ते पायी भटकू लागले. कविता लिहिल्या, शिल्पे घडवली, गाणी रचली आणि मिळेल ते काम करून पोट भरले. पैसाअडका असणाऱ्या घरचा हा मुलगा मुद्दाम गरिबीत राहू लागला, तेव्हा अनेकांना तो छांदिष्टपणा वाटला. असिसीचे संत फ्रान्सिस त्याच देशातले होते, हे त्या लोकांना आठवले नसावे.

भारताकडे

तो काळ मोठा बिकट होता. पहिले महायुद्ध संपून वीस वर्षेही झाली नव्हती आणि दुसऱ्या युद्धाचे ढग जमू लागले होते. १९३५ साली इटलीने इथिओपियावर हल्ला केला. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी सुरू झाली. ख्रिस्ती म्हणवणारी राष्ट्रे एकमेकांच्या जिवावर उठली होती आणि त्यात ख्रिस्ती माणसेच ख्रिस्ती माणसांना मारत होती. शत्रूवर प्रेम करण्याची प्रभू येशूची आज्ञा मंदिरात वाचली जात होती, पण रस्त्यावर तिचा मागमूस नव्हता. ही विसंगती लान्झा यांना सहन होईना.

फ्रेंच लेखक रोमां रोलां यांनी महात्मा गांधींवर लिहिलेले पुस्तक त्यांच्या हाती पडले. डोंगरावरील प्रवचनातील शिकवण आजही जगता येते, केवळ एकट्याने नव्हे तर हजारो लोकांनी मिळून जगता येते, असे दाखवणारा एक माणूस भारतात आहे हे त्यांना त्यातून कळले. तो माणूस ख्रिस्ती नव्हता. तरीही चांगला ख्रिस्ती कसे व्हावे हे त्याच्याकडून शिकायचे, असा निश्चय करून डिसेंबर १९३६ मध्ये पस्तीस वर्षांचे लान्झा भारताकडे निघाले.

दक्षिण भारतातील मोठमोठी मंदिरे त्यांनी पाहिली. तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमातही ते राहिले. तेथील मौन व शांती त्यांनी मनापासून अनुभवली. परंतु जगातले दुःख आणि हिंसा यांवर काय करावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. आपली वाट शेजाऱ्याच्या सेवेतून जाते असे त्यांना वाटले आणि ते उत्तरेकडे, वर्ध्याकडे निघाले.

सेगावची झोपडी

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले होते. जमनालाल बजाज यांनी तिथली जमीन दिली होती. धड रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात विदर्भाचे रणरणते ऊन आणि बहुतांश वस्ती दलितांची. ज्यांच्या एका शब्दावर देश हलत होता, त्या माणसाने राहण्यासाठी मुद्दाम हे गाव निवडले होते. त्या गावाची टपाले बुलढाण्याकडील शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले. आज आपण ते याच नावाने ओळखतो.

लान्झा १९३७ च्या सुरुवातीला तिथे पोहोचले. मातीच्या भिंती, बांबू आणि कौले यांचे घर, जमिनीवर अंथरलेली चटई आणि शेजारी चरखा. तिथे जे चालले होते तो एक प्रयोग होता. वेगवेगळ्या जातींची, धर्मांची आणि प्रांतांची माणसे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि पहाटे व संध्याकाळी एकत्र प्रार्थना करत. प्रार्थनेत सर्व धर्मांना स्थान होते. कार्डिनल न्यूमन यांचे इंग्रजी भक्तिगीत गांधीजींना फार प्रिय होते. (हेच न्यूमन २०१९ साली संत म्हणून घोषित झाले.) दळणे, भाजी चिरणे, सूत कातणे, संडास साफ करणे ही कामे सर्वांच्या वाट्याला येत. कोणतेही काम हलके मानले जात नसे. आश्रमवासीयांनी अकरा व्रते घ्यायची होती. सत्य, अहिंसा, अपरिग्रह, शरीरश्रम, अस्पृश्यतानिवारण, सर्व धर्मांविषयी समभाव ही त्यांतली काही.

वर्धा गावात मगनवाडी होती. तिथे ग्रामोद्योग संघाचे काम चाले आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा हे तमिळ ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ वाहत होते. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन असे उद्योग तिथे सुरू होते. आपल्या श्रद्धेत खंबीर राहूनही गांधीजींबरोबर काम करता येते, याचे उदाहरण लान्झा यांच्या डोळ्यांसमोरच होते.

येथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. श्रम, प्रार्थना आणि साधेपणा यांवर उभे असलेले सामूहिक जीवन गांधीजींनी जवळून पाहिले होते, ते एका कॅथलिक मठात. १८९५ साली, वयाच्या पंचविशीत असताना, ते दक्षिण आफ्रिकेत वकिली करत होते. तेव्हा दरबानजवळच्या मारियानहिल येथील ट्रॅपिस्ट मठाला त्यांनी भेट दिली. मौन पाळणारे, मांसाहार न करणारे मठवासी सुतारकाम, चांभारकाम, छपाई ही कामे स्वतःच्या हातांनी करतात आणि गोऱ्यांचे राज्य असूनही आफ्रिकन लोकांना बरोबरीने वागवतात, हे पाहून ते भारावून गेले. त्या भेटीवर त्यांनी लंडनच्या एका नियतकालिकात लेखही लिहिला. पुढे १९०४ साली त्यांनी फिनिक्स वसाहत आणि १९१० साली टॉल्स्टॉय फार्म सुरू केले. त्यांचे मित्र कालेनबाख चपला बनवण्याची कला शिकायला याच मारियानहिलच्या मठात गेले आणि त्यांच्याकडून गांधीजी ती शिकले.

म्हणजे पाहा, कॅथलिक मठवासीयांच्या अंगणात एका हिंदू तरुणाने जे पाहिले, तेच बेचाळीस वर्षांनी वर्ध्याच्या मातीत एका कॅथलिक यात्रेकरूच्या पदरात पडले. परमेश्वराचे बी कोठून कोठे जाऊन रुजते, हे आपण कसे सांगावे?

लान्झा तिथे सुमारे तीन महिने राहिले. ते खादी वापरू लागले, सूत कातायला शिकले. गांधीजींनी त्यांना शांतिदास हे नाव दिले. शांतिदास म्हणजे शांतीचा सेवक. धर्म बदलण्याविषयी गांधीजींनी त्यांना काही सुचवले नाही, कारण प्रत्येकाने आपापल्या धर्मात अधिक चांगले व्हावे अशीच त्यांची धारणा होती. लान्झा यांनाही ते नको होते. नवा धर्म नव्हे, तर जुन्या धर्माप्रमाणे वागण्याचे बळ त्यांना हवे होते.

गंगेच्या वाटेवर

पुढे काय? खरा पेच येथेच होता. आश्रमात राहिले असते तर कोणी जा म्हटले नसते. तिथे मन रमले होते, हातांना काम होते आणि डोक्यावर थोर गुरूचे छत्र होते. उन्हाळ्यात ते हिमालयाकडे गेले आणि इतर यात्रेकरूंसारखे पायी गंगेच्या उगमाकडे निघाले. त्या वाटेवर, जून १९३७ मध्ये, परत जाण्याची हाक त्यांना आतून ऐकू आली. आपल्या लोकांत, युद्धाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या युरोपात जायचे आणि जे येथे पाहिले ते तिथे उभे करायचे, असे त्यांना उमगले.

भारतातून परतल्यावर १९३८ साली ते पवित्र भूमीत गेले. तेव्हा पॅलेस्टाइनमध्येही रक्तपात चालू होता. शस्त्रसज्ज सैन्याच्या पहाऱ्यातून ते बेथलेहेमला पोहोचले. शांतीचा राजा जिथे जन्मला तिथेही शांती नव्हती.

लगेच दुसरे महायुद्ध पेटले. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला. अशा अंधारात, १९४३ साली, लान्झा यांचे भारतयात्रेवरील पुस्तक पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले. उगमांकडील यात्रा असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. बंदुकांच्या आवाजाला कंटाळलेल्या लोकांनी ते अक्षरशः उचलून धरले आणि लेखकाला मोठी कीर्ती मिळाली. पण पुस्तक लिहिले म्हणजे हाकेला उत्तर दिले असे होत नाही, हे ते जाणून होते. पॅरिसमध्येच त्यांनी काही तरुणांना जमवून सूत कातणे, विणणे, लाकूड कोरणे असे हातउद्योग सुरू केले. त्याच्या जोडीला शुभवर्तमानाचे वाचन आणि चिंतन असे.

मोडलेला पहिला संसार

१९४८ साली त्यांनी सिमोन जेबेलिन या गायिकेशी लग्न केले. सगळे तिला शांतरेल म्हणत. त्याच सुमारास फ्रान्सच्या पश्चिम भागातील तूर्निए नावाच्या ठिकाणी त्यांचा पहिला समुदाय सुरू झाला. त्याला त्यांनी आर्क असे नाव दिले. आर्क म्हणजे नोहाचे तारू. हिंसेच्या पुरात माणसांना वाचवणारे घर, असा त्यामागचा भाव होता.

पुस्तक वाचून भारावलेली माणसे आली. कोणाला शेतीची सवय नव्हती, कोणाला दुसऱ्याचे ऐकण्याची. सर्वांसाठी दार उघडे होते, पण तयारी कोणाचीच नव्हती. जगाला शांती शिकवायला निघालेल्या या माणसांत आपसातच मतभेद वाढले. पाच-सहा वर्षांत हा समुदाय मोडला.

वाचकहो, या ठिकाणी आम्हाला थांबावेसे वाटते. चरित्र लिहिताना अपयशाचे पान भरभर उलटण्याची सवय असते. पण खरी कसोटी या पानावर आहे. वर्ध्याला जे दिसले ते फ्रान्समध्ये उभे राहिले नाही. लान्झा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, प्रसिद्ध लेखक होते. व्याख्याने देत सुखाने राहणे त्यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १९५४ साली पुन्हा भारतात आले.

गांधीजींचा १९४८ सालीच खून झाला होता. या वेळी लान्झा विनोबा भावे यांच्याबरोबर चालले. विनोबा मूळचे आपल्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावचे. १९५१ साली पोचमपल्ली येथे भूदान चळवळ सुरू झाल्यापासून ते गावोगाव पायी फिरून जमीनदारांकडून भूमिहीनांसाठी जमीन मागत होते. या यात्रेवरही लान्झा यांनी पुस्तक लिहिले.

तारू पुन्हा पाण्यात

परतल्यावर दक्षिण फ्रान्समधील बोलेन येथे त्यांनी दुसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी घाई नव्हती. येणाऱ्यांसाठी परीक्षेचा काळ ठेवला. तो पार पडल्यावरच व्रते घ्यायची. व्रते सात होती : श्रम, आज्ञापालन, जबाबदारी, अंतःकरणाची शुद्धी, दारिद्र्य, सत्य आणि अहिंसा. सेवाग्रामची अकरा व्रते ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यांचे नाते लगेच ओळखू येईल. आणि मठवासीयांचे जीवन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना संत बेनेडिक्ट यांच्या नियमांचीही आठवण होईल.

१९६३ साली हा समुदाय ला बोरी नोब्ल या डोंगराळ भागातील ओसाड वाडीत गेला. पडकी घरे त्यांनी स्वतः दुरुस्त केली. विजेचे दिवे नव्हते. शेत घोड्यांनी नांगरले जाई. भाकर स्वतःच्या भट्टीत भाजली जाई, कपडे स्वतःच्या मागावर विणले जात. दिवसातून अनेकदा घंटा वाजे. त्या वेळी हातातले काम थांबवून प्रत्येकजण क्षणभर देवापुढे उभा राही आणि मग पुन्हा कामाला लागे. संध्याकाळी सारेजण शेकोटीभोवती प्रार्थनेसाठी जमत. यात अविवाहित होते, तशी मुलाबाळांची कुटुंबेही होती. सर्वांना बांधणारे निर्णय बहुमताने नव्हे, तर एकमताने घेतले जात. एकाचेही मन वळले नसेल तर थांबायचे. ही पद्धत वेळखाऊ होती, पण पहिला समुदाय कशामुळे मोडला हे ते विसरले नव्हते.

या समुदायात कॅथलिकांबरोबर प्रोटेस्टंट व इतर धर्मांचे लोकही होते. प्रत्येकाने आपली श्रद्धा सोडायची नाही, तर ती अधिक खोल करायची, असा नियम होता. सुरुवातीला काही धर्मगुरूंना आणि श्रद्धावंतांना यात धर्मांची सरमिसळ दिसली. संशय घेतला गेला. लान्झा यांनी ख्रिस्तसभा सोडली नाही, तिच्यावर रागही धरला नाही. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा मंजूर केला आणि त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही असे स्पष्ट केले. वर्ध्याच्या भेटीला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.

चाळीस दिवसांचा उपास

शेकोटीभोवती बसून प्रार्थना करणे आणि जगाकडे पाठ फिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५७ साली अल्जेरियाच्या युद्धात फ्रेंच सैन्य कैद्यांचा छळ करत असल्याचे उघड झाले, तेव्हा लान्झा यांनी दोन साथीदारांसह सुमारे तीन आठवडे उपास केला. तो छळ करणारे त्यांच्याच भोवतालच्या समाजातले होते. त्यांना शिव्या देण्याऐवजी त्यांच्या पापाचे प्रायश्चित्त त्यांनी स्वतःच्या शरीरावर घेतले. १९५८ साली मार्कूल येथील अणुप्रकल्पासमोर त्यांनी साथीदारांसह निदर्शने केली. बाँबसाठी लागणारे प्लुटोनियम तिथे तयार होत होते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या प्रश्नावरून जग अणुयुद्धाच्या अगदी जवळ गेले होते. १९६३ च्या प्रायश्चित्तकाळात लान्झा रोमला गेले. ते बासष्टाव्या वर्षात होते. ख्रिस्तसभेने युद्धाविरुद्ध ठाम शब्द उच्चारावा, या हेतूने त्यांनी चाळीस दिवसांचा उपास केला. त्यांनी मोर्चा काढला नाही, घोषणाही दिल्या नाहीत. ११ एप्रिल १९६३ रोजी, पवित्र गुरुवारी, पोप जॉन तेविसावे यांचे पृथ्वीवरील शांतीविषयीचे सुप्रसिद्ध विश्वपत्र, पाचेम इन तेरिस, प्रसिद्ध झाले. कर्करोगाने आजारी असलेल्या पोपमहोदयांची ती जणू अखेरची देणगी होती. ३ जून रोजी ते देवाघरी गेले. एका माणसाच्या उपासामुळे ते पत्र निघाले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या पत्रामागे कितीतरी अज्ञात लोकांची प्रार्थना होती आणि त्यात ही एक होती, एवढे नक्की.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, परिषदेचे शेवटचे सत्र चालू असताना शांतरेल आणि इतर स्त्रियांनी रोममध्ये दहा दिवस उपास केला. अमेरिकेतील गरिबांची सेवा करणाऱ्या डोरोथी डे त्यात सहभागी होत्या. ७ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेने संपूर्ण शहरे बेचिराख करणाऱ्या युद्धाचा स्पष्ट निषेध केला आणि सद्सद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्यांचा विचार कायद्याने करावा असेही म्हटले.

लार्झाकचे शेतकरी

फ्रान्समध्ये लार्झाक नावाचे पठार आहे. तिथे मेंढपाळ व शेतकरी राहतात. १९७१ साली सरकारने तिथला लष्करी तळ सुमारे तीन हजार हेक्टरांवरून सतरा हजार हेक्टरांपर्यंत वाढवण्याचे ठरवले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनी जाणार होत्या. ला बोरी नोब्ल तिथून फार दूर नव्हते. मार्च १९७२ मध्ये सत्तरी ओलांडलेले लान्झा त्या शेतकऱ्यांमध्ये जाऊन राहिले आणि त्यांनी पंधरा दिवस उपास केला. जवळच्या दोन बिशपांनीही त्यांना काही काळ साथ दिली. शेतकरी त्यांना भेटायला येत आणि आपसात बोलू लागत. एरवी बांधावरून भांडणारे लोक एका खोलीत बसू लागले. त्याच महिन्यात १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची एकत्र शपथ घेतली. त्यांचा लढा अहिंसेने चालला आणि दहा वर्षे टिकला.

१९७५ साली शांतरेल यांचे निधन झाले. जानेवारी १९८१ मध्ये लान्झा स्पेनमध्ये वारले. त्याच वर्षी जूनमध्ये नव्या फ्रेंच सरकारने लार्झाकचा प्रकल्प रद्द केला. शेतकऱ्यांच्या जमिनी वाचल्या. ते पाहायला लान्झा हयात नव्हते. मोशेलाही वचनदत्त भूमी डोंगरावरूनच पाहावी लागली होती.

त्यांच्या पश्चात हे समुदाय लहान होत गेले, काही बंदही झाले. १९८७ साली सेंत-आंत्वान येथील जुन्या मठात नवा समुदाय सुरू झाला. संख्येने पाहिले तर हे तारू कधीच मोठे नव्हते. पण नोहाचे तारूसुद्धा जगाच्या मानाने लहानच होते.

आपल्यासाठी

लान्झा देल वास्तो वर्ध्याला पाहुणा म्हणून गेले आणि तीन महिन्यांत परतले. परंतु तिथून त्यांनी जे आणले ते चव्वेचाळीस वर्षे पुरले. त्यांनी तसबीर आणली नाही, अंगारा आणला नाही. त्यांनी सवयी आणल्या : हाताने काम करण्याची, ठरावीक वेळी थांबून देवाला आठवण्याची, रागाऐवजी उपास करण्याची, आणि अपयश आले तर पुन्हा शिकायला बसण्याची.

आपण सर्वांनी घर सोडून डोंगरात जावे असे आम्ही सुचवत नाही. आपल्या प्रत्येकाचे घर हाच एक लहानसा आश्रम आहे. म्हणून या आठवड्यात जेवणानंतर कुटुंबाने एकत्र बसावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे, अशी आमची विनंती आहे.

आपल्या घरात कोणते काम हलके मानले जाते आणि ते नेहमी कोणाच्या वाट्याला येते? ते काम या आठवड्यात दुसऱ्या कोणी करावे का?

ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्यासाठी आपण एका वेळचे जेवण सोडून प्रार्थना करू शकतो का?

दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याकडून आपण कोणती चांगली गोष्ट शिकलो? ती त्याला कधी सांगितली का?

आणि शेवटचा प्रश्न : मागील यात्रेहून किंवा तपसाधनेहून आपण घरी काय आणले? ते अजून घरात आहे का?

हे प्रभो, तू स्वतः पाहुणा होऊन आमच्यात राहिलास. आमच्या यात्रा आमच्या उंबरठ्याशी संपू नयेत, तर तिथून सुरू व्हाव्यात, असा आशीर्वाद आम्हाला दे. आमेन.